साधा डॉक्टर कुठे घडतो? नागपूर, सेवाग्राम आणि आता वाशिम

हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. एसटीत रेंज गेली, इअरफोन घरी राहिले, किंवा नुसतं वाचायलाच बरं वाटतं, अशा सगळ्यांसाठी. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे, सांभाळून घ्या.

आज सुरुवात वाशिमपासून. ९ ऑक्टोबर २०२४ ला महाराष्ट्रातल्या दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. त्यात वाशिमचं कॉलेज होतं. एमबीबीएसच्या १०० जागा. हा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. आकांक्षित म्हणजे सरळ भाषेत मागे राहिलेला. त्या यादीत महाराष्ट्रातले फक्त चार जिल्हे होते. अशा जिल्ह्याला स्वतःचं मेडिकल कॉलेज मिळणं ही मोठीच गोष्ट.

आता याच जिल्ह्यातलं कारंजा तालुक्यातलं कामरगाव डोळ्यांसमोर आणा. सोयाबीन, तूर, कापूस, पावसाकडे डोळे लावून बसलेले कास्तकार. प्रश्न असा की वाशिमला शिकून बाहेर पडणाऱ्या या १०० जणांपैकी कुणी कामरगावच्या कामाचं असेल का? डॉक्टर खेड्यात येत नाहीत, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समजा आला, तर जे काम त्याच्या समोर येईल, ते त्याला कुणी शिकवलेलं असेल का?

चार डॉक्टर आणि एक आजी

आधी हे काम कोणतं ते बघू. समजा, कामरगावात साठीच्या एक आजी आहेत. शुगर आहे, बीपी आहे, गुडघे दुखतात, डोळ्यांना अंधुक दिसतं आणि मुलावर कर्ज झाल्यापासून झोप येत नाही. त्या अमरावतीला गेल्या, तर शुगरचा डॉक्टर वेगळा, हाडांचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा. प्रत्येक जण आपापल्या विषयात हुशार. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. झोपेचं तर कुणाला सांगायचं हेच कळत नाही.

पण या सगळ्या गोळ्या एकाच पोटात जाणार आहेत! गुडघ्यासाठी रोज घेतलेली दुखण्याची गोळी शुगर आणि बीपी असलेल्या माणसाच्या किडनीला त्रास देऊ शकते, बीपी वाढवू शकते. हे चारही डॉक्टरांना पाठ असतं. पण चारही चिठ्ठ्या एकत्र मांडून बघायची जबाबदारी नक्की कुणाची?

हे काम जनरल डॉक्टरचं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. बार्बरा स्टारफील्ड यांनी आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला. त्यांनी या कामाच्या चार खुणा सांगितल्या. पहिली, कुठलाही त्रास झाला तरी पहिलं दार याच डॉक्टरचं. दुसरी, वर्षानुवर्षं तोच डॉक्टर. तिसरी, एका अवयवाचा नाही, अख्ख्या माणसाचा विचार. चौथी, मोठ्या दवाखान्यात पाठवायचं की नाही, पाठवलं तर कुठे, आणि तिथून परत आल्यावर पुढे काय, हे जुळवून आणणं.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण हे शिकवावं लागतं. आणि आपल्याकडे ते कुठे शिकवायचं, याचा वाद खूप जुना आहे.

नागपूरची शाळा

ब्रिटिश काळात आपल्याकडे डॉक्टरांचे दोन थर होते. वरचा थर विद्यापीठाच्या पदवीधरांचा. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. खालचा थर परवानाधारकांचा. मॅट्रिकनंतर साधारण चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि नावापुढे एलएमपी किंवा एलसीपीएस. तुमच्या आजोबांना विचारा. गावातल्या जुन्या डॉक्टरच्या पाटीवर ही अक्षरं त्यांनी नक्की वाचली असतील.

वऱ्हाड १९०३ पासून कारभारासाठी मध्य प्रांताला जोडलेलं होतं. त्यामुळे या भागाची वैद्यकीय शाळा होती नागपूरला. १९१४ साली सुरू झालेली रॉबर्टसन मेडिकल स्कूल. इथून निघालेले एलएमपी तालुक्याच्या दवाखान्यात जायचे. बाळंतपण, साप चावणं, कॉलरा, मोडलेलं हाड, जे समोर येईल ते बघायचे. पगार कमी, मान कमी, हाताखाली एखादा कंपाउंडर. पण तालुक्याचा डॉक्टर म्हणजे बहुतेक ठिकाणी हाच.

हे सगळं फार छान होतं असं मात्र समजू नका. शिक्षण अपुरं होतं, आणि वरच्या थरातले लोक या डॉक्टरांना कायम दुय्यम मानायचे. शहराला पदवीधर आणि खेड्याला परवानाधारक, अशी ही सरळसरळ विभागणी होती.

१९४६ चा निर्णय

मग येते भोर समिती. १९४३ मध्ये नेमलेली, १९४६ मध्ये अहवाल देणारी. अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे आपल्या नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले आयसीएस अधिकारी. भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया ज्या अहवालावर रचला गेला, तो हाच.

समितीने मोजणी मांडली. ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणीकृत डॉक्टर ४७,५२४. त्यातले पदवीधर १७,६५४ आणि परवानाधारक २९,८७०. म्हणजे दर पाच डॉक्टरांमागे तीन परवानाधारक. साधारण ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर.

आणि तरीही समितीने बहुमताने ठरवलं की परवान्याचा अभ्यासक्रम बंद करायचा. देशात एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला एक मूलभूत डॉक्टर घडवायचा. त्याला रोग होण्याआधीच तो थोपवणं यायला हवं, समाज कळायला हवा, म्हणून प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं शिक्षण द्यायचं. समितीतल्या काही सदस्यांनी लेखी विरोध नोंदवला. डॉक्टर इतके कमी असताना ही वाट बंद करू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

कुणाची बाजू बरोबर? मला दोन्ही पटतात. गरिबासाठी अर्धा डॉक्टर आणि श्रीमंतासाठी पूर्ण, हे स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला शोभणारं नव्हतंच. त्यामुळे पदवी एक करणं योग्य होतं. घोटाळा पुढे झाला. पदवी एक झाली, पण तो मूलभूत डॉक्टर शिकणार कुठे आणि कुणाकडून, याची सोय त्याच तोडीची झाली नाही.

नागपूरची रॉबर्टसन शाळा १९४७ मध्ये मेडिकल कॉलेज झाली. पुण्याची बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ मध्येच कॉलेज झाली होती. मोठी हॉस्पिटलं, वेगवेगळे विभाग, प्रत्येक विभागाचा प्रमुख त्या विषयाचा तज्ज्ञ. सामाजिक वैद्यकाचा विभाग आला खरा, पण तो इतर विषयांच्या शेजारी बसलेला आणखी एक विषय झाला. पुढच्या पिढ्यांनी तो ‘पीएसएम’ म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ केला. ‘पार्क’ नावाचं जाडजूड पुस्तक कोणत्याही एमबीबीएसवाल्या मित्राला विचारा, तो कपाळाला हात लावेल.

दुसरीकडे २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. म्हणजे डॉक्टर जिथे काम करणार ती जागा खेड्यात, आणि तो जिथे शिकणार ती जागा शहरातल्या वॉर्डात. ही फट तेव्हा पडली, ती अजून पुरती बुजलेली नाही.

हजारातला एक

या फटीचं माप १९६१ मध्ये एका अमेरिकी डॉक्टरने काढलं. त्यांचं नाव कर व्हाइट. अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती घेऊन त्यांनी साधा हिशोब मांडला. हजार प्रौढ माणसं घ्या. एका महिन्यात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण हॉस्पिटलात दाखल होतात. ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं. आणि विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलात पोहोचतो फक्त १.

आता सांगा, मेडिकलचा विद्यार्थी कुणाला बघून शिकतो? त्या एकाला. बाकी २४९ जणांच्या आजारात काय करायचं, हे त्याला पुढे आपापलं शिकावं लागतं. २००१ मध्ये अमेरिकेत हाच हिशोब पुन्हा मांडला गेला, तेव्हाही चित्र जवळपास तेच निघालं.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोचरं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. आणि याआधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. हॉस्पिटलच्या खिडकीतून बघणाऱ्याला हे दुखणं दिसणारच नव्हतं, कारण त्या बायका हॉस्पिटलपर्यंत आल्याच नव्हत्या.

सेवाग्रामचा प्रयोग

मग कुणी ही शिकायची जागाच बदलून बघितली का? बघितली. आणि ती कामरगावपासून फार लांब नाही. वर्ध्याजवळचं सेवाग्राम.

डॉ. सुशीला नय्यर गांधीजींच्या डॉक्टर होत्या. सेवाग्रामला १९४५ मध्ये कस्तुरबा हॉस्पिटल सुरू झालं, ते आई आणि बाळांसाठी, १५ खाटांचं. पुढे १९६२ ते १९६७ या काळात सुशीलाबेन देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. देशभरातली मेडिकल कॉलेजं त्यांनी त्या खुर्चीतून पाहिली. आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी त्याच कस्तुरबा हॉस्पिटलला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. खेड्यात असलेलं मेडिकल कॉलेज. पहिल्या तुकडीत ६० विद्यार्थी.

इथे वेगळं काय होतं? लोक खादीचं आणि श्रमदानाचं बोलतात. ते होतंच. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घ्यायची. पहिल्याच वर्षी विद्यार्थी साधारण पंधरा दिवस त्या गावात राहायचे. प्रत्येकाला काही घरं वाटून दिलेली. मग पुढची वर्षं त्याच घरांत पुन्हा पुन्हा जायचं. पहिल्या भेटीत पोटुशी असलेली बाई, पुढे तिचं बाळ, मग त्या बाळाच्या लसी. स्टारफील्डबाईंनी सांगितलेली ती दुसरी खूण, सातत्य, हे विद्यार्थी अंगणात बसून शिकत होते.

सेवाग्रामच्याच डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विमा चालवला, तो ज्वारीवर! सुगीच्या वेळी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, आणि त्या बदल्यात गावाला आरोग्यसेवा आणि हॉस्पिटलात सवलत. रुग्णाकडे पैसे कधी असतात आणि कधी नसतात, हे वॉर्डात शिकवता येत नाही. सुगी कधी असते हे माहीत असलेल्या डॉक्टरलाच ते सुचतं.

१९९२ पासून संस्थेने आणखी एक अट घातली. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल, तर आधी दोन वर्षं ग्रामीण भागातल्या संस्थेत काम करून या.

सेवाग्राममधून निघालेले सगळे खेड्यात राहिले का? नाही. बरेच जण स्पेशालिस्ट झाले, शहरात गेले. त्यात वाईट काही नाही. हार्ट अटॅक आला तर कार्डिओलॉजिस्टच लागतो, कॅन्सरला कॅन्सरचाच डॉक्टर हवा. मुद्दा एवढाच की पुढे कुणीही झालात तरी पाया अख्ख्या माणसाचा असावा. एकदा गाव जवळून बघितलेला कार्डिओलॉजिस्टसुद्धा औषध लिहिताना एसटीचं भाडं धरून विचार करतो.

तीन गोष्टी येतात का?

नागपूरला एमबीबीएस झालेले डॉ. रवींद्र कोल्हे यांनी मुलाखतींमधून अनेकदा सांगितलेली एक गोष्ट आहे. त्यांना मेळघाटात, बैरागडला जायचं होतं. आपले शेजारी अमरावती जिल्ह्यातलंच गाव. डॉ. जाजूंनी त्यांना सांगितलं की तिथे काम करायचं तर तीन गोष्टी यायला हव्यात. सोनोग्राफी आणि रक्त हाताशी नसताना बाळंतपण करणं, एक्स-रे नसताना न्यूमोनिया ओळखणं आणि जुलाबावर उपचार करणं. एमबीबीएस हातात होतं, तरी हे शिकायला कोल्हे सहा महिने मुंबईला गेले.

या वाक्यावर जरा थांबा. साडेपाच वर्षांच्या शिक्षणानंतर खेड्यातल्या डॉक्टरला लागणाऱ्या तीन मूलभूत गोष्टी त्याला वेगळ्या शिकाव्या लागल्या.

नंतर गावात आणखी कमी पडतंय हे जाणवल्यावर त्यांनी एमडी केलं, आणि तेही आपल्या त्या दुर्लक्षित पीएसएममध्येच. गावकऱ्यांनी जनावरांचं विचारलं, शेतीचं विचारलं, तेही शिकून घेतलं. २०१९ मध्ये त्यांना आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या. पण जे एका माणसाने हट्टाने मिळवलं, ते अभ्यासक्रमाने सगळ्यांनाच का देऊ नये?

शिडीवरून पडलेले?

हा अनुभव फक्त आपला नाही. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये एका शाही आयोगासमोर लॉर्ड मोरान यांची साक्ष झाली. हे चर्चिल यांचे डॉक्टर. त्यांनी सांगितलं की जनरल प्रॅक्टिशनर म्हणजे स्पेशालिस्ट होण्याच्या शिडीवरून घसरलेले लोक. तिथल्या जीपींना हे फार लागलं. पण ते नुसते रागावून बसले नाहीत. १९६३ मध्ये एडिनबरा विद्यापीठात रिचर्ड स्कॉट हे जनरल प्रॅक्टिसचे प्राध्यापक झाले, जगातले पहिले. म्हणजे ज्याचा आदर्श विद्यार्थ्यासमोर ठेवायचा, तो माणूसच शिक्षकाच्या खुर्चीत बसवला.

त्या खुर्चीची किंमत काय, हे नॉर्वेच्या अलीकडच्या एका मोठ्या अभ्यासातून कळतं. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांचा डॉक्टर १५ वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण, एकच वर्ष झालेल्यांच्या तुलनेत, साधारण २५ टक्क्यांनी कमी आढळलं. अशा अभ्यासातून कारण ठामपणे सिद्ध होत नाही, हे खरं. पण ओळखीचा डॉक्टर ही केवळ जुन्या लोकांची हळवी आठवण नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

कागद आणि रस्ता

आपल्याकडे कागदावर प्रयत्न कमी झाले नाहीत. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने सांगितलं की आपलं वैद्यकीय शिक्षण देशाच्या गरजेशी जुळत नाही. १९७७ मध्ये ‘रोम’ योजना आली, प्रत्येक मेडिकल कॉलेजला तीन विकास गट जोडून देणारी. २०१९ च्या बॅचपासून नवा क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात लिहिलंय की एमबीबीएस झालेला डॉक्टर हा रुग्ण पहिल्यांदा ज्याच्याकडे जातो तो डॉक्टर असावा. संवाद, टीममध्ये काम, शिकत राहणं, हेही त्यात आलं. मग कुटुंब दत्तक कार्यक्रम आला. देशातल्या प्रत्येक एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची. सेवाग्रामने १९६९ मध्ये सुरू केलेली वाट देशाचा नियम झाली!

पण दोन गोष्टी अजून राहिल्याच आहेत. एक, फॅमिली मेडिसिनचा स्वतंत्र विभाग एमबीबीएसच्या कॉलेजात असलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. म्हणजे एडिनबराची ती खुर्ची आपल्या बहुतेक कॉलेजांत नाही. दुसरी, पदव्युत्तर नीट. इंटर्नशिप हा खरं तर हात बसवायचा काळ. पण विद्यार्थ्याच्या मोबाइलवर बहुपर्यायी प्रश्नांचं ॲप उघडं असतं, कारण पुढची जागा त्या प्रश्नांवर ठरणार असते. त्याला दोष कसा द्यायचा? ज्याला मान, पैसा आणि जागा आहे, तिकडेच माणूस बघणार.

म्हणून मला वाशिमच्या कॉलेजकडून आशा आहे. जुन्या कॉलेजला सवयी बदलाव्या लागतात, नव्याला त्या लावून घ्यायच्या असतात. कुटुंब दत्तक म्हणजे फॉर्म भरून फोटो काढणं, असंही तिथे होऊ शकतं. किंवा कामरगावसारख्या गावातली तीच घरं पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत, असंही होऊ शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षं ओपीडी चालवलेल्या डॉक्टरला, एएनएम ताईंना, आशाताईंना शिक्षक म्हणून मान देता येऊ शकतो. यासाठी नवी इमारत लागत नाही. वेळापत्रकात जागा लागते.

समृद्धी महामार्ग आता कारंजा तालुक्यातून जातो. नागपूरचं मोठं हॉस्पिटल जवळ आलंय, आणि ते चांगलंच झालं. पण महिन्यातून एखाद्याच माणसाला तिथे जावं लागतं. बाकीच्या शेकडो जणांचा डॉक्टर गावाच्या जवळच हवा, आणि तो पूर्ण शिकलेला हवा. १९४६ मध्ये देशाने हेच वचन दिलं होतं.

तुमच्यापैकी कुणी वाशिमला किंवा दुसऱ्या कुठल्या मेडिकल कॉलेजात शिकत असाल, तर तुमच्या दत्तक कुटुंबाबद्दल आम्हाला नक्की लिहा. आणि बाकीच्यांनी आज एवढंच करा. घरातल्या आजी-आजोबांच्या सगळ्या गोळ्या आणि चिठ्ठ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरला एकदा दाखवा. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका, फक्त दाखवा. तो सगळं नीट बघून चार प्रश्न विचारत असेल, तर तो डॉक्टर सोडू नका.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा, वाचत राहा.